एकोणतीसचा पाढा

चपला दाराबाहेर काढायच्या, राउटरजवळ जमिनीवर मांडी घालायची, मोबाइल डाव्या कानाला लावायचा, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडायची नि मिटायची. कळमनुरीत मी ज्या इंटरनेटच्या दुकानात नोकरी करतो, तिथले चाचा नवी लाइन जोडली की असे बसत. इंटरनेटवरून लावलेल्या त्या फोनवर पलीकडून त्यांची थोरली बहीण एकोणतीसचा पाढा म्हणे. दहाही आकडे धड ऐकू आले की चाचा डोळे उघडत. "बस आपा, बराबर." एखादा आकडा मध्येच गिळला गेला, तर मुकाट्यानं उठून पुन्हा शिडी लावत.

पन्नाशी उलटलेला, पांढऱ्या दाढीचा माणूस डोळे मिटून बोटं मोजताना पाहून एका घरी आजीनं चहा अडवून धरला होता. "त्याचा जप होऊ द्या आधी," असं ती सुनेला म्हणाली. चाचांनी तिचा गैरसमज काही दूर केला नाही.

मी वयानं लहान, पण त्यांच्यावर सुपरवायझर. माझ्या मोबाइलमध्ये वेग मोजायचं मीटर होतं. बटण दाबलं की अर्ध्या मिनिटात आकडा. एकदा मी चिडून विचारलं, मीटर असताना हा पाढा काहून?

"पिच्चर दम खातो, साहेब," ते म्हणाले. "अडकला तरी मागून येऊन मिळतो. बोलणं दम खात न्हाई. गेलेला शब्द गेला."

मला ते जुन्या माणसाचं खूळ वाटलं. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, हळू आणि बरोबर काम करणारा. तो बरोबर असतो हे आपल्याला आतून माहीत असतं, म्हणून तर त्याच्या हळूपणाचा जास्त राग येतो.

डोंगरकडा गावच्या एका गुरुजींच्या सुनेला घरबसल्या नोकरी लागली होती. शहरातल्या दवाखान्याचे फोन इंटरनेटवरून घ्यायचे आणि पेशंटना वेळ द्यायची. लाइन बोलण्याजोगी आहे असं पत्र दुकानाच्या शिक्क्यानिशी सोमवारपर्यंत पाठवायचं होतं. चाचांनी शुक्रवारी जाऊन तपासलं आणि पत्र दिलं नाही. वायरीला दोन जागी जोड होते, आवाज तुटत होता. नवी वायर यायला चार दिवस लागणार, तोवर थांबा, असं ते तिला सांगून आले.

शनिवारी मी स्वतः गेलो. मीटरनं चाळीस दाखवले, म्हणजे वेग भरपूर. मी उभ्या उभ्या पत्रावर सही केली. तिनं हात जोडले. मला फार बरं वाटलं.

परत येऊन मी मालकांना सांगितलं की चाचा गिऱ्हाइकं परत पाठवतात आणि कामाच्या वेळेत फोनवर एका बाईशी बोलत बसतात. बहीण हा शब्द मी गाळला. विसरून नाही, जाणून गाळला.

मालकांनी चाचांना विचारलं, फोन करता का? "व्हय, करतो," एवढंच ते म्हणाले. बाई कोण हे मालकांनी विचारलं नाही आणि चाचांनी सांगितलं नाही. उद्यापासून येऊ नका, असं मालक म्हणाले. चाचांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. त्यांनी पक्कड, टेस्टर, वायरीचं भेंडोळं टेबलावर नीट मांडून ठेवलं आणि ते गेले.

तीन आठवड्यांनी डोंगरकड्याहून तक्रार आली. गेलो. सुनेची नोकरी गेली होती. पेशंट वेळ विचारत, हिचं उत्तर अर्धंच पोचे, लोक चिडून फोन ठेवत. मीटर अजूनही चाळीसच दाखवत होतं. मग मी तिच्या फोनवरून, इंटरनेटवरच, दुकानात फोन लावला. पलीकडचा माणूस काय म्हणतोय ते मला कळेना.

"चाचा थांबा म्हणले होते," ती म्हणाली. "मीच घाई केली."

ती मला काहीही बोलली असती तर चाललं असतं. नवी वायर मी त्याच दिवशी टाकली. नोकरी परत आली नाही.

पुढच्या रविवारी मी माफी मागायला म्हणून जवळा बाजार गावी चाचांच्या घरी गेलो. दारात त्यांची बहीण रजई शिवत बसली होती. चाचा हैदराबादला भाच्याकडं गेले होते, तिथं एका इमारतीवर वॉचमन म्हणून लागले होते.

"कुनी तरी मालकाचे कान भरले म्हणं," ती म्हणाली. "कोन ते इचारलं, तर सांगत न्हाई." मग तिनं मोबाइल पुढं केला. "लावून देऊ का फोन? तुमी कोन म्हणून सांगू?"

मी म्हणालो, फोन नको. मी कळमनुरीचं एक गिऱ्हाईक, त्यांचं काम चांगलं होतं म्हणून सहज चौकशीला आलो.

तिचा चेहरा उजळला. एवढ्या लांबून कुणी विचारायला आलं, म्हणाली. हातातली सुई रजईत खोचून ती आत गेली आणि दूध जास्त घालून चहा घेऊन आली.

तो मी पूर्ण प्यालो.