भिंगाचा डोळा

माझा मामा घड्याळं दुरुस्त करतो. चाळीस वर्षं एकाच खुर्चीत, एकाच दिव्याखाली, उजव्या डोळ्याला भिंग लावून आणि डावा डोळा मिटून. राग नाकाच्या शेंड्यावर. गिऱ्हाइकाने “लवकर होईल ना?” विचारलं की घड्याळ तसंच त्याच्या हातात परत देतो. कामाच्या टेबलाला हात लावायची मुभा मामीलाही नाही. “तुझ्या श्वासानेसुद्धा स्क्रू उडतात,” असं तिला तोंडावर सांगतो.

मी मामाकडेच राहते. गेल्या वर्षी घरात पाण्याचे पेले सांडू लागले. लग्न झाल्यापासून मामी जेवताना त्याच्या डाव्या हाताला बसते आणि पेला दोघांच्या मध्ये असतो. मामाचा हात लागायचा, पेला लवंडायचा.

“अहो, चष्मा बदला आता,” मामी म्हणायची.

“पेला नको तिथे ठेवायचा आणि चष्म्याला नावं ठेवायची!”

एका आठवड्यात तीनदा असं झालं, तेव्हा मीही खो खो हसले होते. आता ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

मग त्याच्या उजव्या पापणीवर रांजणवाडी आली. डोळा सुजून पार मिटला. मामी कोमट फडक्याने शेकायची आणि हा “फोडून टाक एकदाची” म्हणून ओरडायचा. तिने ऐकलं नाही, ते बरंच केलं. दोन दिवस कसेबसे घरात काढून तिसऱ्या दिवशी तो दुकानात गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा भिंग डाव्या डोळ्याला लावून बसला.

शाळेत शिकवून परतताना मी डोकावले, तर स्वारी भिंग पुसत होती. लावलं, काढलं, पुन्हा पुसलं. दिव्याचा बल्बसुद्धा बदलून झाला होता.

“भिंगच बिघडलंय,” तो म्हणाला.

मी घेऊन पाहिलं. मला घड्याळाच्या काट्यावरचा ओरखडासुद्धा दिसला. त्याच्या उजव्या डोळ्यावर मी हलकेच तळहात धरला आणि विचारलं, “मामा, मी दिसते का तुला?”

त्याने मान इकडे-तिकडे वळवली. “हनुवटी दिसते,” म्हणाला. “बाकी सगळं धुरकट आहे.”

रांजणवाडी बसल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी त्याला एका यंत्रापुढे बसवलं. उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. एकही चुकला नाही, अशा ऐटीत मामा उठला. कागद आला तेव्हा डाव्या डोळ्याच्या नजरेचं वर्तुळ बहुतेक काळं होतं, म्हणजे तिथले ठिपके त्याला दिसलेच नव्हते.

“काचबिंदू आहे,” बाई म्हणाल्या.

“पण दुखलं नाही हो कधी!”

“हा बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून तर उशिरा कळतो. एका डोळ्याचं उणं दुसरा झाकून घेतो, आणि तुम्ही तर कामात डावा मिटूनच ठेवलात. गेलेली नजर परत येणार नाही. उजव्याच्या नजरेची कड आताशी झिजायला लागलीय, ती राखायची. रोज संध्याकाळी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, एकही दिवस न चुकवता.” मग माझ्याकडे वळल्या. “हा घराण्यात असू शकतो. तुम्ही आणि तुमची आई, दोघीही तपासून घ्या.”

परतताना मामा एवढंच म्हणाला, “उजवा गेला तर मी काय करू गं?” मी नुसता त्याचा हात धरून चालले.

सुईच्या टोकाने घड्याळाच्या चाकाला तेल देणारा हा माणूस. पण संध्याकाळी औषधाची बाटली डोळ्यापाशी आली की पापणी आपोआप मिटायची. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा मिशीत.

“जन्मभर डोळ्यात तेल घालून काम केलं, आणि आता औषध घालता येईना!” तो रडकुंडीला आला.

मामी उठली. साबणाने हात धुऊन आली. “मान मागे करा. वर बघा.” तिने खालची पापणी अलगद ओढली आणि एक थेंब सोडला. मग दुसऱ्या डोळ्यात. “आता मिटून घ्या.”

“अजून एकेक टाक, म्हणजे काळजी नको.”

“तेल जास्त झालं की घड्याळ बिघडतं, असं कोण सांगतं लोकांना?”

मामाने डोळे मिटून घेतले. मामीचं तो असं ऐकतोय, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या रात्री ती जेवायला त्याच्या उजव्या हाताला बसली. पुढे रोज तिथेच बसू लागली.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. आम्ही तिघंही श्वास रोखून कागदाची वाट पाहत होतो. उजव्याची कड होती तिथेच होती.

घरी आल्यावर मामी ताटं वाढून उजवीकडे बसायला गेली, तर मामाने तिचं ताट उचललं आणि डावीकडे ठेवलं.

“अहो, तिकडे मी दिसत नाही ना तुम्हाला!”

“म्हणून तर म्हणतोय, इकडेच बस. इतकी वर्षं तुला डोळ्याच्या कडेनेच बघत आलो. आता मान वळवून बघीन.”

मामी जुन्या जागी जाऊन बसली. पाण्याचा पेला मात्र तिने उचलून त्याच्या उजव्या हाताला ठेवला.