पलीकडच्या पेठेचं चक्र

गणपतीची रोषणाई बघायला जायचं म्हणजे मार खायची तयारी ठेवूनच जायचं, असं आमच्या कोल्हापुरात होतं. हे मी गमतीनं लिहीत नाही. पन्नास सालाच्या पुढंमागं आमच्यासारख्यांच्या घरात कंदील होते, पण चौकात विजेचे बल्ब लागायचे, आणि गावात पहिली रोषणाई आपल्याच तालमीच्या गणपतीची असली पाहिजे, असं प्रत्येक पेठेला वाटायचं. त्यासाठी एकमेकांचे बल्ब गोफणीनं फोडले जात. विसर्जनाआधी चार-दोन डोकी तर फुटतच. गर्दी आवरायला पोरं वेताच्या छड्या घेऊन उभी असत आणि बायकामुलं बघून हात आखडत नसत. माझ्या पोटरीवर दर वर्षी एक तरी वळ उठायचा. तरी मी जायचे. रंगीत कागदातून येणाऱ्या उजेडात रोजचीच माणसं तांबडी, हिरवी दिसायची, त्याचं मला वेड होतं.

त्या वर्षी मी बारा वर्षांची होते आणि दादा वीस. वडील इचलकरंजीला कापडाच्या मागावर होते, सुट्टीला तेवढे घरी येत. घर आईच्या हातात होतं आणि आईचा हात जड होता.

दादा आमच्या पेठेच्या तालमीत कुस्ती करायचा. विसर्जनानंतर पाचव्या दिवशी खासबागेच्या मैदानात त्याची पहिली मोठी कुस्ती ठरली होती. ती मारली तर शाहूवाडीकडचे एक इनामदार वर्षभर त्याचा खुराक घालणार होते. हरला तर तालीम बंद आणि वडिलांबरोबर मागावर. यात मधला मार्ग नव्हता. वडिलांनी तसं सांगूनच टाकलं होतं.

गणपतीत पोरांची डोकी तापतात हे आईला ठाऊक होतं. चतुर्थीच्या दिवशीच तिनं दादाला समोर बसवलं आणि शपथ घातली.

"मैदान होईस्तोवर कुणावर हात उगारायचा न्हाय. उगारलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

आमच्याकडं ज्यानं शपथ घातली त्यानंच 'सुटली' म्हणावं लागतं, तोवर ती अंगावर असते. दादा व्हय म्हणून उठला.

त्या साली सगळं गाव पलीकडच्या पेठेच्या रोषणाईबद्दल बोलत होतं. त्यांनी तालमीसमोर कमान उभारून तिच्यावर बल्बांचं चक्र बसवलं होतं, आणि ते फिरायचं. म्हणजे चक्र जागेवरच असायचं. मागं एक माणूस पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेला लाकडी रूळ हातानं फिरवायचा, त्यानं बल्ब एकापाठोपाठ एक लागायचे. मी आईच्या मागं भुणभुण लावली. खरं तर आईलाही ते बघायचं होतं. गर्दीत सोबत पुरुषमाणूस हवा म्हणून तिनं दादाला घेतलं. त्या पेठेचं आणि आमचं वैर चालू होतं, म्हणून तिनं त्याच्या डोक्यावरून टॉवेल गुंडाळला, खाली बघून चाल म्हणून सांगितलं, आणि लहान पोराला धरावं तसं त्याचं मनगट धरलं.

तिथंच आमचं चुकलं. पैलवान दुसऱ्या तालमीवरून जाताना डोकं उघडं करून तिथल्या मारुतीला हात जोडतो, उंबऱ्याची माती कपाळाला लावतो. वैर असलं तरी हे चुकत नाही. टॉवेल गुंडाळून, मान खाली घालून जाणं म्हणजे त्या तालमीच्या तोंडावर थुंकणं. घरात पैलवान असून आईला हे सुचलं नाही, आणि दादाला सुचलं असणार, पण ती त्याला ओढत होती.

चक्र मात्र सांगितलं होतं तसंच होतं. तांबडं, पिवळं, हिरवं, सरसर फिरणारं. मी तोंड उघडं टाकून कमानीखाली उभी होते. तेवढ्यात मागनं कुणीतरी दादाचा टॉवेल ओढला.

"आरं, ही कुणाची नवरी निघालीया पदर घिऊन?"

चौघं-पाचजण होते, सगळे तालमीतले. दादा म्हणाला, चुकलं, आता जोडतो हात. तो उंबऱ्याकडं वळलाही. आईला वाटलं तो भांडायला वळला, आणि तिनं त्याला मागं खेचलं. एकानं विचारलं की मारुतीला हात जोडायला आईची परवानगी लागते काय, आणि उत्तराची वाट न बघता दादाच्या कानशिलात दिली.

दादानं दोन्ही हात काखेत घातले. मी जन्मात बरीच मारामारी बघितली, पण असं उभं राहिलेला माणूस पुन्हा बघितला नाही. दुसऱ्यानं पोटात गुडघा घातला. दादा वाकला, पुन्हा सरळ झाला, हात काखेतच. त्यामुळं ते जास्त चिडले. मार खाणाऱ्यानं परत मारलं की मारणाऱ्यालाही बरं वाटतं. इथं तसं काही मिळत नव्हतं. एकानं चक्राला टेकू दिलेला वासा उपसला आणि त्याचं टोक दादाच्या डाव्या डोळ्याखाली हाणलं. रक्त गालावरून खाली आलं. वर चक्र फिरत होतं, आणि रक्त कधी काळं, कधी तांबडं दिसत होतं.

मी आईचा पदर ओढून ओरडले, "आई, सुटली म्हण."

ती म्हणाली नाही. माझा हात झटकून पुढं गेली, कमानीचा मोकळा झालेला खांब दोन्ही हातांनी धरला आणि अंग टाकून ओढला.

चक्र अख्खंच्या अख्खं खाली आलं. बल्ब फटाक्याच्या माळेसारखे फुटले. तार तुटून ठिणग्या उडाल्या, माणसं एकमेकांना तुडवत पळाली. वाशावाल्याच्या गालात काच घुसली होती. त्यानं आईचे केस धरले, तर तिनं त्याच्या मनगटाचा असा चावा घेतला की तो गुरासारखा ओरडला. चौकात अंधार पडला म्हणून आम्ही सुटलो.

घरी येताना वाटेत आणखी दोन चौक लागले. दोन्हीकडं रोषणाई होती. दादा आईच्या खांद्यावर भार टाकून चालत होता, आईच्या हातातून काच लागून रक्त गळत होतं. मी रडत नव्हते, रोषणाई बघत होते. खोटं कशाला लिहू?

दुसऱ्या दिवशी दादाचा डावा डोळा पुरता मिटला होता. हातापायांना काही झालं नव्हतं. तालमीचे वस्ताद म्हणाले, कुस्ती पुढं ढकलू. आई म्हणाली, हात धड हाईत, मग ढकलायची कशाला? ढकलली असती तर भ्याला म्हणाले असते, हेही खरं.

मैदानात तो उतरला तेव्हा डोळा फटीएवढा उघडत होता. वडील कुस्तीसाठी आले होते; गर्दीत दिसेना म्हणून मी एवढी मोठी असूनही त्यांच्या खांद्यावर बसून बघितलं. समोरच्यानं दोन वेळा डावीकडनं हात घालून पाहिला आणि दादाला त्या बाजूचं दिसत नाही हे ओळखलं. तिसऱ्या वेळी त्यानं डावीकडनंच पायांत हात घालून पट काढला आणि दादाला उताणा केला. पलीकडच्या पेठेची पोरं कठड्यावर चढून ओरडत होती, "आईला उतरव की रं आखाड्यात!" लोक पोट धरून हसले. वडील हसले नाहीत, आणि मला खाली उतरवून घराकडं निघाले.

संध्याकाळी आई दादाच्या डोळ्याला हळदीचा लेप लावत होती. तो म्हणाला, "सुटली म्हणाली असतीस तर?"

"तर हात मोडून घेतला असतास."

"व्हय. पण तो मी मोडून घेतला असता."

आईनं उरलेला लेप लावून संपवला.

पुढच्या आठवड्यात दादा वडिलांबरोबर इचलकरंजीला गेला आणि मागावर लागला. डोळा नीट झाला. तालमीत त्यानं पुन्हा पाऊल टाकलं नाही. आईनं त्यानंतर घरात कुणालाच शपथ घातली नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा ते नको म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते, आणि शपथ घातली असती तर मुकाट्यानं जेवले असते. तेव्हासुद्धा ती नुसतं ताट ठेवून निघून गेली.