ओल्या गोणपाटातले शंभर दाणे

माझी बायको उन्हाळ्यात गेली. तिनं राखलेलं दादरचं बी कणगीत राहिलं. दादर म्हणजे आमच्या शिरपूरकडची रब्बीची ज्वारी. पेरणी तोंडावर आली तसा पोरगा म्हणाला, "आबा, यंदा पिशवीचं बी आणतो. घरच्याचा आता काय भरवसा?"

मी कणगीच्या वरचेच दहा दाणे घेऊन ओल्या फडक्यात बांधले. चार दिवसांनी सोडलं, तर सहाच उगवलेले.

"गेलं बी," पोरगा म्हणाला.

"दहा दाण्यांवर कणगीचा निकाल लावतो? एवढं कॉलेज करून हेच शिकला?" मी म्हटलं.

बायको असं करत नसे. दर साली वरून, मधून, तळातून मुठी काढायची, मिसळायची, अन् हाताला येतील ते शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायची. मी निवडायला बसलो की हात झटकायची. "चांगला चांगला दाना काय येचतस? वावरमा बठ्ठाच जातीन." शेतात चांगले-वाईट सगळेच दाणे जाणार, हे तिचं म्हणणं. शंभरात नव्वदच्या आसपास उगवायचे. दोन-चार खालीवर झाले तर ती मनावर घेत नसे.

मी तिच्यासारखंच केलं. सत्तर निघाले. गोणपाट वाळलं असेल म्हणून पुन्हा शंभर टाकले, पाणी सांभाळलं. पुन्हा सत्तरच्याच आतबाहेर. एकदा हाताची चूक म्हणता येते. दोनदा म्हटलं तर आपणच खोटे. बी उतरलं होतं. त्याला ऊन दाखवायच्या दिवसांत ती धुळ्याच्या दवाखान्यात होती, अन् घरात कुणाला बियाची आठवण राहिली नाही.

"मग आणू पिशवी?" पोरानं विचारलं.

"सत्तर जिवंत आहेत ना? मेलेल्यांपायी त्यांनाही ढोरांपुढं टाकू? दाट पेरू."

पेरणीला त्यानं बैल धरले, मी पाभरीच्या चाड्यावर, बी सोडायच्या लाकडी वाटीवर, मूठ धरली. दर साली तिथं बायको असायची. यंदा तिच्यापेक्षा जास्त दाणा सोडायचा होता. पण ती किती सोडायची, ते मला कुठं ठाऊक? मी पुढं बैलांजवळ असायचो, तिच्याकडं पाठ करून.

पोरगा पुढून म्हणाला, "आबा, चला ना."

मी मूठ उघडली.