सविनय मावशी

आमच्या मावशी चहासुद्धा अर्जाच्या भाषेत मागायच्या. जबलपूरच्या कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली त्यांचं टेबल होतं, त्यावर हिंदी टाइपरायटर. तिथूनच त्या टपरीवाल्याला हाक द्यायच्या, "भैया, सविनय निवेदन है कि शक्कर कम।" तीस वर्षं हेच ऐकून तो बिचारा हसायचाही थांबला होता. त्यांचं खरं नाव कोर्टात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मराठी असो की हिंदी, सगळ्यांच्या त्या सविनय मावशीच.

मूळच्या त्या वर्ध्याकडच्या. नवऱ्याला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आल्या. तो लवकर गेला आणि पदरात एक मुलगा राहिला. मग टायपिंग शिकल्या आणि झाडाखाली बसल्या. घरात जयभीम, बाहेर नमस्तेजी. माणूस समोर बसून रडायला लागला की त्या डोळे मिटून घ्यायच्या आणि सगळं ऐकून झालं की बोटं धावायची. रडणारा माणूस कागदावर 'प्रार्थी' व्हायचा, त्याची उपासमार 'आर्थिक विपन्नता' व्हायची. तो कागद हातात घेतला की माणूस जरा ताठ चालायचा, हे मी पाहिलेलं आहे.

मी नवी वकील होते, दीक्षितपुऱ्यातल्या मराठी घरातली, कॉलेजातून पोटभर कायदा शिकून आलेली आणि अर्ज लिहिता न येणारी. मावशींनी माझा पहिला मसुदा दोन बोटांत धरला, मेलेली पाल उचलावी तसा. "काहून वो वकीलबाई, हे काय लिहून राहिली? साहेबापुढं माणूस चुरगळलेला गेला तरी चालते. कागद इस्त्रीचा पाहिजे." त्यांच्या हातचा एकही कागद कधी परत आला नव्हता. याचा त्यांना गर्व होता आणि त्या तो लपवतही नव्हत्या.

छत्तीसगड वेगळं होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा माझ्याकडे सुकवती आली. कुंडमच्या बाजूच्या एका खेड्यातली, बावीस-तेवीस वर्षांची, तिच्यासोबत आणखी आठजणी. लहानपणी या सगळ्या शहराबाहेरच्या एका मुलींच्या वसतिगृहात होत्या. तिथला व्यवस्थापक मुलींना कोठारात बोलवायचा. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही. मुलींनी तेव्हाच मोठ्या माणसांना सांगितलं होतं आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ते दाबलं होतं. आता इतक्या वर्षांनी सरकारनं समिती नेमली होती. समितीचे साहेब एक निवृत्त अधिकारी. तक्रारी कुणी दाबल्या याची चौकशी ते करणार होते, लेखी बयानं मागवली होती. त्या नऊजणींना एवढंच हवं होतं की आपलं म्हणणं एकदा कुणीतरी ऐकून घ्यावं.

मी त्यांना अर्थातच मावशींकडे नेलं. मावशींनी त्या दिवशी दुसरं काम घेतलं नाही. नऊजणींचं ऐकलं आणि आपल्या पोतडीतले सगळ्यात चांगले शब्द काढले. 'प्रार्थिनी के साथ अशोभनीय आचरण किया गया।' 'प्रार्थिनी मानसिक रूप से व्यथित रही।' नऊ कागद, एकावर एक ठेवले तर ओळीला ओळ जुळावी असे. मी वाचले आणि मला भरून आलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढची चूक एकट्या मावशींची नव्हती.

कागद परत आले. सोबत समितीचं चार ओळींचं पत्र होतं. नऊही बयानांची भाषा एकच आहे, ती एकाच व्यक्तीनं पढवलेली दिसतात, सबब विचारात घेता येत नाहीत. नवी बयानं द्यायची तर महिन्याच्या आत द्यावीत.

सुकवतीनं त्या पत्राची सरकारी भाषा माझ्याकडून दोनदा समजून घेतली. "मतलब हम झूठे हो गए?" एवढंच म्हणाली. मावशी समोरच होत्या. त्यांनी टाइपरायटरवर कापड घातलं आणि घरी गेल्या.

तीन दिवस झाडाखालचं टेबल रिकामं. चौथ्या दिवशी दुपारी त्या माझ्या दारात उभ्या. आईनं पाणी दिलं, ते हातातच राहिलं. "व्यवस्थापकानं पोरींचं तोंड दाबलं. मंग हापिसानं दाबलं," मावशी म्हणाल्या, "आन तिसऱ्या बारीला मी दाबलं, वकीलबाई. चांगल्या शब्दानं दाबलं." मी म्हटलं, मावशी, तुम्ही भल्यासाठीच केलं. त्या चिडल्या. "तेच तर सांगून राहिली. भल्यासाठी केलं म्हणून पोरी बी बोलल्या नाहीत मले. उद्या कुंडमची बस किती वाजता आहे?"

टाइपरायटर चादरीत बांधून मांडीवर घेतला आणि साठीच्या मावशी बसमध्ये बसल्या. रस्ता असा की मशीनची घंटा आपोआप वाजत होती. सुकवतीच्या अंगणात खाट टाकली, मशीन मांडलं. या वेळी मावशींनी डोळे मिटले नाहीत. पोरगी बोलेल तसं वाक्य टाइप करायचं, मोठ्यानं वाचायचं, तिनं मान हलवली तरच पुढं जायचं.

बोटांना सवय जुनी. सुकवती म्हणाली, कोठारात जायची भीती वाटायची. बोटांनी परस्पर 'भयाक्रांत' उमटवलं. मावशींनी वाचून दाखवलं.

"हमने ऐसा नहीं कहा," सुकवती म्हणाली.

"हां बेटा। फिर बोलो।"

"हमने कहा, दाल निकालने को बुलाते थे। हम दाल नहीं खाते अब।"

मावशींनी 'भयाक्रांत'वर एकेक फुली मारली आणि डाळीचं तसंच्या तसं लिहिलं. त्या दिवशी मी इतक्या फुल्या पाहिल्या! आयुष्यभर एक खोडाखोड न केलेली बाई, कागदाची नुसती चाळण करत होती.

गावोगाव फिरून आम्ही सहा दिवसांत नऊ बयानं केली. एक तीन पानांचं झालं, एक फक्त चार ओळींचं. त्या चार ओळींच्या मुलीपुढं मावशी अर्धा दिवस बसल्या. त्यांची बोटं शिवशिवत होती, हे मला दिसत होतं, पण त्यांनी पाचवी ओळ घातली नाही. दुसऱ्या एकीनं सांगितलं, तपासणीला आलेल्या साहेबांना तिनं सगळं सांगितलं होतं. "साहब ने टॉफी दी। बोले, मन लगाकर पढ़ो।" हे टाइप करून मावशी उठल्या, अंगणाच्या कडेला गेल्या आणि पदर तोंडावर धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मला त्या टॉफीचा आजही राग येतो.

ते कागद पाहिल्यावर समितीनं नऊजणींना समक्ष बोलावलं. विजय नगरमधल्या एका कार्यालयात सुनावणी होती. मला वकील म्हणून आत जाता आलं. मावशींना शिपायानं बाहेरच बसवलं. साहेब सुकवतीला म्हणाले, "अपना बयान पढ़ दीजिए।" तिनं कागदाची घडी उघडलीच नाही. "कागज में सब है साहब। पर हम बोलेंगे।" आणि ती बोलली. साहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, तर ती थांबली, त्यांची नजर परत येईपर्यंत थांबली आणि मग पुढं बोलली. तिच्यामागून आठहीजणी बोलल्या. चार ओळींची मुलगी तर सगळ्यात जास्त वेळ बोलली.

बाहेर आले तर मावशी जिन्यापाशी उभ्या. "कागद बरोबर वाचले ना वो पोरींनी?" मला सांगायला जड गेलं. सहा दिवसांची मेहनत, त्या खड्ड्यांतली बस. "एकही ओळ वाचली नाही, मावशी. नुसत्या बोलल्या."

"नवाच्या नवू?"

"नऊच्या नऊ."

त्या पायरीवर बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "आता कागदाले कोणी कुत्रं बी नाही विचारलं तरी चालते."

समितीचा अहवाल यायला दोन वर्षं लागली. तक्रारी खरोखरच दाबल्या गेल्या होत्या, असं त्यात लिहिलं होतं. काहींना शिक्षा झाली, टॉफीवाले साहेब तोवर निवृत्त होऊन सुखात होते. मावशींनी झाडाखालचं काम चालू ठेवलं, मात्र आता लिहिण्याआधी विचारायच्या, "तुम क्या कह रहे हो, वही बताओ।" त्यामुळे गिऱ्हाइकं कमी झाली. लोकांना इस्त्रीचाच कागद हवा होता.

काही वर्षांनी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचाही गेली. दवाखान्यात त्यांचा मुलगा म्हणत होता नागपूरला हलवू, डॉक्टर म्हणत होते आठवडाभर थांबा, आणि मी, सवयीप्रमाणे, दोघांच्या मध्ये मावशींचं मत मांडत होते. "मावशींना नागपूरचंच बरं वाटेल," असं मी अगदी खात्रीनं सांगितलं. मावशी ओठ हलवत होत्या. आम्ही समजलो, पाणी हवंय.

सुकवती बातमी ऐकून गावाहून आली होती, खाटेजवळ बसली होती. "दीदी, आप लोग थोड़ा चुप रहो," ती म्हणाली. "मावशी बोल रही हैं।"

आम्ही गप्प झालो. डॉक्टरसुद्धा थांबले. किती वेळ गेला कोण जाणे. सुकवती मावशींच्या तोंडाकडे बघत नुसती बसून होती, त्यांच्या वतीनं एक अक्षर न बोलता. ओठ वळले, घसरले, पुन्हा वळले.

"घ... री," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना घरी नेलं.