आतोबांचा रुसवा

जमिनीवर विश्वास नसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. रत्नागिरीत समुद्राला भिणारे पुष्कळ आणि फुरशासारख्या विषारी सापाला तर सगळेच भितात. पण पायाखालच्या कातळाकडे संशयाने पाहणारे ते एकटेच. उत्तरेकडे रेल्वेत नोकरीला असताना त्यांनी एक मोठा भूकंप अनुभवला होता. पुढे पेन्शन घेऊन ते आमच्या आळीत राहायला आले आणि त्या भूकंपाने सबंध आळीला कामाला लावलं.

त्यांच्या घरात कमरेच्या वर जड वस्तू ठेवायची नाही असा कायदा होता. आत्याची उतरंड मोडून त्यांनी सगळी मडकी जमिनीवर ओळीने बसवली. कपाट काथ्याने भिंतीतल्या खुंट्यांना करकचून बांधलं. अंथरुणं भिंतीपासून लांब, उशाशी वहाणा, कारण फुटक्या कौलांवरून धावायचं झालं तर! चुलीजवळ भरलेली घागर कायमची, विस्तव विझवायला. घर हललं की मोकळ्या अंगणात जायचं आणि हादरे पुरते थांबल्याखेरीज आत शिरायचं नाही. पण अंगणात माड होते. म्हणून नारळ धड तयार होण्याआधीच ते पाडेल्याला झाडावर चढवत. “भूकंपातून वाचायचं आणि नारळाने मरायचं, हे मला नाही चालायचं,” असं ते अगदी गंभीरपणे सांगत. कधी भर दुपारी थाळी बडवून सगळ्यांना बाहेर काढत. सोवळ्यातली आत्या हातात पळी घेऊन अंगणात उभी राही आणि म्हणे, “ह्यांचं मेलं एकदा काय ते होऊन जाऊ दे!”

आम्ही हसत असू. आतोबाही हसत, पण थाळी बडवणं सोडत नसत.

माझ्या मुलीचं बारसं होतं. आमच्या घरात पाळणा माजघरातल्या तुळईच्या कडीलाच टांगायचा. मी त्याच कडीला झोपलेला, माझे वडीलही. त्याच तुळईवर माळा, आणि माळ्यावर लग्नकार्यातली तांब्याची घंगाळं, फणसाच्या फळ्या आणि एक जुना पाटा. आतोबांनी वर पाहिलं आणि पाळण्याखाली पाट टाकून बसले. पानं वाढली तरी उठेनात.

वडील हात जोडून आले. “भावोजी, काय चुकलं? धोतरजोडी हवी का?”

“माळा रिकामा करा. तोवर मी जेवायचा नाही.”

घरचा जावई उपाशी, आणि तोही बारशाच्या दिवशी! लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण या जावयाने आमच्याकडे एकदाही रुसवा धरला नव्हता. दिवाळसणालाही काही मागितलं नव्हतं. वडिलांनी निमूट शिडी मागवली. आमटी निवत राहिली आणि पाहुणे तांब्याची घंगाळं गोठ्यात वाहत राहिले. माळा झाडून झाल्यावर आतोबा उठले आणि चार पुरणपोळ्या जेवले.

पोर पालथी पडू लागली तेव्हाची गोष्ट. सकाळी जमीन गुरगुरली आणि घर हललं. कोणाला काही सुचायच्या आत वाळवीने आतून खाल्लेली ती तुळई एका बाजूने भिंतीतून निसटली. माळ्याच्या फळ्या कलल्या. पण वर ओझंच नव्हतं. तुळई तिरकी होऊन अडकली आणि पाळणा हळूच जमिनीला टेकला. पोर झोपेतच होती. बायको माजघराच्या दारात थिजून उभी होती, मी अंगणातून आत धावत होतो, तेवढ्यात मला बाजूला ढकलून ओलेत्या पंच्यावर आतोबा आत शिरले. अंघोळ अर्धी टाकून आले होते.

“आतोबा, आत जायचं नाही! तुम्हीच सांगितलंत ना!”

“गप रे. पोर कुठाय?”

त्यांनी तिला उचलून अंगणात आणलं आणि बायकोच्या ओटीत घातलं. मग स्वतः मटकन खाली बसले. मी त्यांच्या पाया पडलो. “उठ, नारळाखालून बाजूला हो,” एवढंच म्हणाले.

आज आतोबा नाहीत. परवा त्याच माजघरात, नव्या तुळईला, माझ्या नातवाचा पाळणा टांगला. आमचे जावई मनगटी घड्याळासाठी थोडेसे रुसले, त्यांना ते मिळालं. पानं वेळेवर वाढली, आमटी गरम होती, सगळं यथासांग पार पडलं. पाळण्याची दोरी ओढताना मी वर पाहिलं. माळा स्वच्छ, रिकामा. आणि एकदम वाटलं, आज पाळण्याखाली पाट टाकून रुसायला आतोबा हवे होते.