तुलनेसाठीचं रक्त

सासूचे गुडघे सुनेला लागत नाहीत, या भरवशावर मी रक्त दिलं.

सासूबाईंना घेऊन ओतूरच्या दवाखान्यात गेले होते. पुण्याहून आलेल्या डॉक्टरीणबाई गुडघेदुखीचा अभ्यास करत होत्या. दुखणारे ढीगभर मिळाले होते, तुलनेसाठी न दुखणारे हवे होते. मी लगेच बाही वर सारली. लघवीची बाटलीही भरून दिली. चांगल्या गुडघ्यांची म्हणून निवडलं, याचा मला तोराच आला होता.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना सोडून मलाच समोर बसवलं. सांध्यातली गादी झिजायला लागली की तिचे बारीक कण रक्तात, लघवीत उतरतात, म्हणाल्या. दुखायच्या आधी, एक्स-रेत दिसायच्याही आधी. माझ्यात ते सासूबाईंपेक्षा जास्त निघाले होते.

"त्यांची गादी संपतच आलीय, म्हणून कमी असतील. तुम्हाला आजार आहे असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. फार राबलं तरी वाढतात. चार दिवस आराम करा, मग परत तपासू."

मी घाबरले, साफ घाबरले. सासूबाईंना जेवायला खुर्ची, संडासलाही खुर्ची. लग्नाच्या पंगतीला त्या जातच नाहीत. आमचं रक्त वेगळं, पण कांद्याचे वाफे तेच आणि उकिडवं बसणंही तेच. हे मला आधी का नाही सुचलं? एसटीच्या पायऱ्या उतरताना मी गुडघ्यांकडे कान लावून होते.

आणि आराम कुठला! कांदालागणीची सावड चालू होती. बायकांनी आमचं रान लावून दिलं होतं, आता त्यांच्या रानात आमच्या घरची एक बाई जायलाच हवी होती. सकाळी आवरून बाहेर आले, तर सासूबाई घरात नाहीत.

पळायचीही भीती वाटली, म्हणून भरभर चालत शेजारच्या रानात गेले. त्या ओल्या वाफ्यात पाय लांब सोडून बसल्या होत्या आणि सरकत सरकत रोपं लावत होत्या.

"आत्या, उठा आधी! तुमची गादी संपत आलीय म्हणून सांगितलंय ना डॉक्टरीणबाईंनी?" मी ओरडले.

"माझ्यात झिजायला काय ऱ्हायलंय आता? तू घरी जाऊन पड. तुझं अजून लई दिस जायचेत."

मी गेले. पडूनही राहिले, पण डोळा काही लागला नाही.

दुपारी त्यांना उठवायला मीच परत गेले. काखेत हात घालून जोर लावला. कट्‌ असा आवाज आला.

"कुणाचा गं वाजला?" त्यांनी घाबरून विचारलं.

"तुमचाच, आत्या," मी माझ्या गुडघ्याकडे न बघता म्हणाले.