अण्णा ब्रेकरला उतरायचे

गेल्या महिन्यात एका रविवारी मिटमिटा गावाच्या पुढं अण्णांनी चालू गाडीचं दार उघडलं. गाडी कोरी करकरीत, अण्णा पंच्याहत्तरीचे, आणि समोर एक साधा स्पीड ब्रेकर.

थांबा, पहिल्यापासून सांगते.

अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते आमच्याकडे शहरात, उस्मानपुऱ्यात असतात, पण जीव अडकलाय लासूर स्टेशनजवळच्या शेतात. म्हणून दर रविवारी आम्ही दोघं शेतावर चक्कर मारून येतो. गेली चार वर्षं ही चक्कर माझ्या लाल टू-सीटर स्पोर्ट्स कारमधून व्हायची.

काय गाडी होती ती! सेकंडहँड होती, पण माझ्या स्वतःच्या कमाईची. वळायचं नुसतं मनात आणावं आणि तिनं वळावं... नवरा तर तिला 'माझी सवत' म्हणायचा.

फक्त बूड अगदी जमिनीला टेकलेलं. शेजारी कुणी बसलेलं असलं की ब्रेकरवर खर्रकन घासायची. मग आमचा नियमच ठरला... ब्रेकर आला की अण्णांनी उतरायचं, मी गाडी तिरकी घालून हळूच काढायची, आणि पलीकडं त्यांनी परत बसायचं. घरापासून शेतापर्यंत अकरा ब्रेकर, म्हणजे जाऊन येऊन बावीस वेळा! रस्त्यावरची माणसं हसायची. अण्णा धोतर सावरत शांतपणे उतरायचे, तेवढेच पाय मोकळे होतात म्हणायचे.

आता माझा व्यवसाय ऐका. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे बघते... आणि शेजारच्या सीटवरचे मला दिसले नाहीत.

हिवाळ्यातल्या एका रविवारी ब्रेकर ओलांडून थांबले, तर अण्णा येईनात. आरशात बघितलं, विजेच्या खांबाला धरून डोळे मिटून उभे. धावत गेले तर म्हणतात काय नाय, ऊन खातोय. घरी आणून तपासलं तेव्हा कळलं, दोन्ही गुडघे झिजलेत आणि उजवा तर वर्षभर दुखतोय. त्या खोल सीटमधून हा माणूस दर रविवारी बावीस वेळा उठत होता, आणि तोंडातून चकार शब्द नाही! मी आधी रडले, मग भांडले.

"सांगितलं असतं तर तू गाडी इकली असतीस," एवढंच म्हणाले.

विकलीच मी. नाशिकचे एक गृहस्थ येऊन घेऊन गेले, आणि ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी गेटपाशी उभी होते. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आपल्यापायी पोरीची हौस गेली, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. रविवारी एसटीनं जातो म्हणाले. आणि खोटं कशाला बोलू... मलाही आतून खुपत होतं. आता एक शहाणी, कंटाळवाणी गाडी घ्यायची आणि गपगुमान चालवायची, असं वाटून जीव खट्टू व्हायचा.

सगळे म्हणाले एसयूव्ही घे. मी शिवणाची टेप पर्समध्ये टाकून शोरूम पालथी घातली. सेल्समन सनरूफ दाखवतोय आणि मी वाकून जमिनीपासून सीटची उंची मोजतेय! एसयूव्हीत अण्णांना चढावं लागलं असतं. शेवटी एका राखाडी सेडानची सीट बरोब्बर त्यांच्या शेतावरच्या बाजेएवढी निघाली. वर हातानं टाकायचे गिअर, टर्बो इंजिन... टेस्ट ड्राइव्हला सेकंडमध्ये जरा दाबली आणि मी एकटीच खुदकन हसले. डिकीत बाजरीचं पोतं आरामात आडवं झोपतं. लाल गाडीत मेथीच्या जुड्यासुद्धा अण्णांच्या मांडीवर असायच्या.

तर, तो रविवार. नव्या गाडीची पहिली चक्कर. अण्णा बसले, पण पाहुण्यासारखे अवघडून. गल्लीपासून प्रत्येक ब्रेकरला मी आधीच 'बसून राहा' म्हणत होते. मिटमिट्याच्या पुढच्या ब्रेकरला विसरले, नुसता वेग कमी केला आणि त्यांनी बेल्ट काढून दार उघडलं... निव्वळ सवयीनं! एक पाय बाहेर जायच्या बेतात होता. मी करकचून ब्रेक दाबला.

"अण्णा, बसा. आता उतरायचं नाही."

त्यांनी पाय आत घेतला. गाडी ब्रेकरवरून अलगद गेली, कुठं काही घासलं नाही. अण्णांनी वाकून कानोसा घेतला आणि तोंड एवढंसं करून बसले. मला राहवेना. वाट वाकडी करून गाडी दौलताबादच्या घाटात घातली, थर्डला टाकली आणि दाबली. काय चढते हो ही! प्रत्येक वळण धरून, जराही न डगमगता... मी विसरलेच की ही शहाणी गाडी आहे. शेजारी बघितलं तर अण्णा वरचं हँडल धरून हसत होते. लई पळती की गं ही, म्हणाले.

शेतावरून परत येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेवटचा ब्रेकर. अण्णा म्हणाले, थांब. सावकाश उतरले, पलीकडं जाऊन कडुनिंबाखाली उभे राहिले आणि हातानं खूण केली... ये. मी गाडी काढली, काच खाली केली आणि विचारलं, आता कशाला उतरलात?

"तू गाडी काढतीस ते बाहेरनंच बघावं वाटतं, माय. चार वर्षं तेच तर बघत व्हतो."

गुडघे ठणकत असताना रस्त्याच्या कडेला उभं राहून हा माणूस पोरीचं कौतुक बघत होता... आणि मी मात्र समोरच्या ब्रेकरवरच नजर लावून बसलेली.

आता आम्ही नियम बदललाय. बाकीच्या ब्रेकरना अण्णा बसून राहतात, फक्त गल्लीच्या ब्रेकरला उतरतात. या गाडीला तिरकं घालायची काही गरज नाही... तरी तिथं मी घालते.